उन्हाळी यात्रेपूर्वी वाहनाची घरगुती तपासणी

फाल्गुन सरता सरता रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे येणाऱ्या वाटा गजबजू लागतात. परीक्षा आटोपलेली मुले, गावी निघालेले चाकरमानी आणि कुलदैवताच्या दर्शनास सहकुटुंब येणारी मंडळी यांची चैत्र-वैशाखात हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर या परिसरात मोठी गर्दी होते. पूर्वी ही यात्रा एस. टी. ने आणि त्याही आधी मुंबईहून बोटीने होत असे. आज बहुसंख्य कुटुंबे स्वतःच्या मोटारीने येतात. एस. टी. ची देखभाल आगारात होते आणि घाटात ती चालविणारा चालक त्या रस्त्याचा जाणता असतो. स्वतःच्या मोटारीने येणाऱ्या भाविकाकडे ही दोन्ही कामे एकदम आलेली आहेत. याची जाणीव मात्र अनेकांना भर दुपारी घाटात बॉनेट उघडून उभे राहण्याची वेळ आल्यावरच होते.

खंडेनवमीस शस्त्रांची व अवजारांची पूजा करण्याची आपली परंपरा आहे. पूजेपूर्वी अवजार घासूनपुसून, धार पाहून, दांडा घट्ट आहे की नाही हे तपासून मगच ते पाटावर मांडले जाते. मोटारीच्या पूजेत हा पहिला भाग बहुधा गळून पडतो आणि हार, लिंबू व नारळ एवढेच उरते. येथे दिलेली तपासणी त्या पहिल्या भागाची आहे. तिच्यासाठी मेकॅनिक असण्याची आवश्यकता नाही. हवेचा दाब मोजण्याचे साधन, बॅटरी (विजेरी), स्वच्छ फडके आणि सकाळचा एक तास एवढे पुरेसे आहे.

वाटेवरच्या तीन कसोट्या

शहरात रोज विनातक्रार चालणारी मोटार या वाटेवर का अडते, हे आधी समजून घेणे इष्ट ठरेल. पुण्याहून येणारे भाविक चांदणी चौक, पौड, मुळशी धरण या मार्गाने ताम्हिणी घाटात येतात आणि तो उतरून विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा असे किनाऱ्याकडे वळतात. येताना हा घाट उताराचा आहे. पाच माणसे, त्यांचे सामान आणि पाण्याचे कॅन धरून मोटारीवर साडेतीनशे-चारशे किलोंचे ओझे असते. चौदाशे किलो वजनाची भरलेली मोटार पाचशे मीटर खाली उतरते तेव्हा जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात सुमारे वीस लिटर पाणी उकळू शकेल. ही सारी उष्णता चालकाने ब्रेकवर टाकली, तर ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. पहिली कसोटी ब्रेकची आहे.

मुंबई-ठाण्याहून येणाऱ्यांना घाट थोडा. पण सुट्टीच्या दिवसांत वडखळ, कोलाड, इंदापूर, माणगाव येथे वाहनांच्या रांगा लागतात. धावत्या मोटारीच्या रेडिएटरला समोरचा वारा मिळतो, रांगेत उभ्या असलेल्या मोटारीला तो मिळत नाही. अशा वेळी ऊन, आतील वातानुकूलन यंत्र आणि पुढच्या गाडीची गरम हवा या सर्वांचा भार एका विजेच्या पंख्यावर पडतो. दुसरी कसोटी या पंख्याची.

तिसरी कसोटी परतीची आहे, आणि तीच सर्वांत कठीण होय. दर्शन, भोजन, समुद्रस्नान आटोपून दुपारी एकच्या सुमारास निघालेली मोटार ताम्हिणीच्या पायथ्याशी येते तेव्हा ऊन कलू लागलेले असले तरी खडक व डांबर पुरते तापलेले असते. या पायथ्याजवळ, टाटांच्या १९२७ च्या जलविद्युत केंद्रामुळे प्रसिद्ध असलेले भिरा गाव आहे. २०१७ च्या मार्चअखेरीस येथील हवामान केंद्रावर ४६.५ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. त्या आकड्याबद्दल पुढे शंकाही घेण्यात आल्या. पण समुद्राचा वारा न पोहोचणाऱ्या या डोंगरकुशीत मार्चपासूनच किती उष्मा असतो, हे स्थानिकांना सांगावे लागत नाही. अशा हवेत पूर्ण भार घेऊन, खालच्या गिअरमध्ये, मंद गतीने चढ चढणे म्हणजे इंजिनाला सर्वाधिक उष्णता आणि सर्वांत कमी वारा. बहुतेक भाविक येण्याची तयारी करतात, परतीची करीत नाहीत. घरची तपासणी मात्र परतीचा चढ डोळ्यांपुढे ठेवूनच केली पाहिजे.

तपासणी केव्हा करावी

यात्रेपूर्वी किमान आठ दिवस, सकाळी, मोटार रात्रभर उभी असताना व तिच्यावर ऊन येण्यापूर्वी. आदल्या रात्री केलेल्या तपासणीत दोष सापडला तरी तो दूर करण्यास अवधी नसतो. मग ‘चालेल’ असे म्हणून निघणे होते. बदललेला भागही दोन-चार दिवस शहरात वापरून पाहिलेला बरा.

रेडिएटर आणि कूलंट

बॉनेटखाली अर्धपारदर्शक डबी असते. तिच्यावर किमान व कमाल अशा दोन रेघा असतात. इंजिन पूर्ण थंड असताना कूलंटची पातळी या दोहोंच्या मध्ये असावी. ती किमान रेघेखाली असेल तर केवळ भर घालून थांबू नये, कारण बंद व्यवस्थेतील द्रव सहसा कमी होत नाही. कमी झाला तर तो कोठून तरी गळतो आहे. मोटार उभी असते त्या जागी रात्री जुना पुठ्ठा अंथरून ठेवावा. सकाळी त्यावर हिरवट, निळसर वा गुलाबी डाग आढळला तर कूलंटची गळती समजावी. बिनरंगी पाण्याचे थेंब वातानुकूलन यंत्राचे असतात, त्यांची चिंता नको. रबरी नळ्या बोटांनी दाबून पाहाव्यात. त्या भेगाळलेल्या, फुगलेल्या वा चिकट मऊ झालेल्या असतील तर बदलून घ्याव्यात.

कूलंटमध्ये पाणी मिसळावयाचे असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरच असावे आणि प्रमाण मोटारीच्या पुस्तिकेप्रमाणे, बहुधा निम्मे-निम्मे, ठेवावे. विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात. किनाऱ्यावरच्या विहिरी तर अनेक ठिकाणी मचूळ आहेत. ‘कूलंट थंडीच्या देशांसाठी, आपल्याकडे साधे पाणी चालते’ हा समज अद्याप ऐकू येतो. तो चुकीचा आहे. कूलंट उत्कलनबिंदू वाढवितो आणि आतील धातूला गंज येऊ देत नाही. या दोन्ही गोष्टी कोकणाच्या उन्हाळ्यात आवश्यकच आहेत.

यानंतर इंजिन सुरू करून वातानुकूलन यंत्र चालू ठेवावे व बॉनेट उघडून रेडिएटरचा पंखा फिरतो आहे याची खात्री करावी. पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून हात, ओढणी, उपरणे वा साडीचा पदर त्याच्याजवळ नेऊ नये. रेडिएटरपुढील जाळीत धूळ, पिसे व किडे अडकून बसतात. इंजिन बंद व थंड असताना पाण्याच्या हलक्या धारेने ती धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तेथील नाजूक पात्या वाकतात.

येथेच एक सूचना. मोटारीच्या तोंडावर, जाळीवरून आडवा बांधलेला झेंडूचा दाट हार रेडिएटरकडे जाणारा वारा अडवतो. सुकल्यावर त्याच्या पाकळ्या आत जाऊन बसतात. पूजा झाल्यावर हा हार उतरवून ठेवण्यात कोणताही दोष नाही. देवालाही निर्माल्य दुसऱ्या दिवशी उतरविलेच जाते.

इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडणे ही या संपूर्ण विषयातील सर्वांत घातक चूक आहे. आतील द्रव दाबाखाली असल्याने शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळलेला नसतो. झाकण सैल होताच दाब सुटतो, तो द्रव क्षणात उकळून चेहऱ्यावर व छातीवर उसळतो. अशा भाजण्याच्या घटना दर उन्हाळ्यात घडतात, आणि भाजणारी व्यक्ती बहुधा मदतीस धावून आलेली असते.

ब्रेक

ब्रेकची पहिली चाचणी मोटार न हलविता होते. इंजिन बंद असताना ब्रेकचे पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक झाले की पाय तसाच दाबून ठेवून इंजिन सुरू करावे. पेडल किंचित खाली गेले तर ब्रेकला इंजिनाकडून मिळणारे साहाय्य ठीक आहे. नंतर अर्धा मिनिट पेडल दाबून धरावे. ते सावकाश खाली खाली जात राहिले तर कोठे तरी गळती आहे. ती मोटार दुरुस्त होईपर्यंत घाटात नेऊ नये. पेडल दाबताना स्पंजासारखे लागत असेल तर नळीत हवा शिरलेली असण्याचा संभव असतो.

ब्रेक ऑइलची डबीही पारदर्शक असते. तिची पातळी उतरलेली असणे म्हणजे अनेकदा ब्रेकचे पॅड झिजलेले असणे होय, तेव्हा वरून भर घालून समाधान मानू नये. या ऑइलचा एक गुण यात्रेकरूंनी विशेष ध्यानात ठेवावा. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि कोकणपट्टीत ओलाव्यास कमतरता नाही. ओलावा मिसळला की त्याचा उत्कलनबिंदू घसरतो. ‘डॉट ४’ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषलेल्याचा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाटउतारावर तापलेल्या ब्रेकजवळ असे ऑइल उकळले की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, ब्रेक दाबला जात नाही आणि पेडल थेट तळाशी जाते. शहरात अशी मोटार वर्षभर काही जाणवू देत नाही. म्हणून ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षे झाली असल्यास यात्रेपूर्वी ते बदलून घ्यावे. हे काम घरी करावयाचे नाही, ते गॅरेजमध्येच द्यावे. खर्च फार नसतो.

ब्रेक कितीही उत्तम असले तरी उताराचा मुख्य भार इंजिनाने घ्यावयाचा असतो. जो चढ ज्या गिअरमध्ये चढावा लागेल, तो उतार त्याच गिअरमध्ये उतरावा, ही चालकांची जुनी शिकवण आहे व ती आजही लागू आहे. स्वयंचलित गिअरच्या मोटारीत यासाठी खालच्या गिअरची खूण दिलेली असते. ती कोठे आहे व कशी लावतात हे घरीच पाहून ठेवावे. इंधन वाचविण्यासाठी न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे प्राणघातक आहे, कारण इंजिन बंद होताच ब्रेकला मिळणारे साहाय्य संपते आणि सुकाणूही जड होते. ब्रेक सतत दाबून ठेवण्याऐवजी वेग वाढल्यावर नीट दाबून वेग उतरवावा व पाय उचलावा. जळका वास आल्यास रुंद, सुरक्षित जागा पाहून थांबावे आणि अर्धा तास ब्रेक निवू द्यावेत. त्यांवर पाणी ओतू नये, तापलेले लोखंड वाकते. चाकाला लावलेला दगड निघताना रस्त्याच्या बाहेर टाकून द्यावा. मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो दिसत नाही.

टायर

उन्हाळ्यात हवा फुगते म्हणून टायरमध्ये थोडी कमीच ठेवावी, असे पुष्कळजण मानतात. प्रत्यक्षात टायर फुटण्याचे मोठे कारण कमी हवा हेच आहे. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकतात व त्या वाकण्याने आतून तापतात. त्यात तापलेली डांबर, पाच माणसांचा भार आणि वेग यांची भर पडली की टायर फाटतो. हवेचा योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेला असतो. तेथे बहुधा दोन आकडे असतात, एक कमी भारासाठी आणि दुसरा पूर्ण भारासाठी. यात्रेसाठी दुसरा आकडा घ्यावा. टायर थंड असतानाच दाब मोजावा, कारण तापमान पाच-सहा अंशांनी वाढले की दाब सुमारे एका पौंडाने वाढतो. वाटेत पंपावर दाब जास्त दिसला म्हणून गरम टायरमधील हवा कमी करू नये. नायट्रोजन भरला की दाब पाहावा लागत नाही, हाही गैरसमजच. नायट्रोजनदेखील गळतो आणि तापल्यावर फुगतो.

टायरच्या खाचांची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी असू नये, असा मोटार वाहन नियम आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात, टायरचा पृष्ठभाग झिजून त्यांच्या बरोबरीस आला की टायर संपला. खाचा शाबूत असूनही टायर वयाने कालबाह्य झालेला असू शकतो. बाजूला लंबवर्तुळात छापलेले शेवटचे चार आकडे त्याची जन्मतारीख सांगतात. २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुना, उन्हात उभ्या राहणाऱ्या मोटारीचा टायर जाणकारास दाखवावा. बाजूच्या भिंतीवर फुगवटा वा खोल चीर दिसल्यास विचारण्याचीही आवश्यकता नाही, टायर बदलावा.

हीच पाहणी स्टेपनीचीही करावी. वर्षानुवर्षे डिकीच्या तळाशी पडून राहिलेल्या स्टेपनीत नेमक्या वेळी हवा नसते. घरच्या अंगणात, सपाट जागी, एकदा चाक काढून पुन्हा बसवून पाहावे. जॅक कोठे लावतात, पाना नटांना बसतो की नाही, नट हाताच्या जोराने सुटतात की नाही हे तेव्हाच कळते. काही नव्या मोटारींत बारीक, तात्पुरती स्टेपनी असते. तिच्यावर लिहिलेल्या वेगमर्यादेत, पंक्चर काढण्याच्या दुकानापर्यंतच जावे.

उरलेल्या गोष्टी

इंजिन ऑइल सपाट जागेवर, थंड इंजिनात, डिपस्टिक पुसून पुन्हा बुडवून पाहावे. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी, वरच्या खुणेपलीकडे भरू नये. फॅन बेल्टला भेगा असल्यास तो बदलावा.

बॅटरी उन्हाळ्यात अधिक लवकर खराब होते, मात्र ते एखाद्या सकाळी गाडी सुरू न झाल्यावरच लक्षात येते. टोकांवर जमलेली पांढरी-हिरवी भुकटी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून, कोरडे करून, व्हॅसलीनचा पातळ हात द्यावा. तारा काढाव्या लागल्यास ऋण टोकाची आधी सोडावी व शेवटी जोडावी. झाकणे असलेल्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर खुणेपर्यंत भरावे.

काच धुण्याच्या पाण्याची टाकी आणि वायपर यांकडे उन्हाळ्यात कोणी पाहत नाही. परंतु दुपारी किनाऱ्याकडे येताना सूर्य समोर असतो आणि सकाळी पुण्याकडे परततानाही तो समोरच असतो. धुळीने माखलेल्या काचेवर समोरचे ऊन पडले की क्षणभर काहीच दिसत नाही. काच आतूनही पुसावी. मे महिन्याच्या उत्तरार्धात वळवाची सर केव्हाही येते, तेव्हा कडक झालेले वायपर बदललेले असावेत.

सी. एन. जी. वर चालणाऱ्या मोटारींच्या टाकीची दाबचाचणी दर तीन वर्षांनी करणे बंधनकारक आहे. तिची तारीख पाहून घ्यावी. घाटात या इंधनावर ओढ कमी पडते, म्हणून पेट्रोलही पुरेसे ठेवावे. विजेच्या मोटारींना उतारावर ब्रेक लावताना वीज परत मिळते. मात्र बॅटरी शंभर टक्के भरलेली असली तर ती वीज साठण्यास जागा नसते व मोटारीचा स्वाभाविक रोधही कमी होतो. घाटमाथ्यावर अशी मोटार थोडी रिकामी असलेली बरी.

मोटारीत काय ठेवावे, काय ठेवू नये

पूजेचे साहित्य नेताना कापूर, काडेपेटी, तेल, तूप हे उन्हात उभ्या मोटारीच्या डॅशबोर्डवर ठेवू नये. चालत्या मोटारीत उदबत्ती वा निरांजन लावू नये. डॅशबोर्डवरील मूर्ती एअरबॅगच्या झाकणावर बसविलेली नसावी, कारण एअरबॅग उघडताना ती मूर्ती गोफणीतील दगडासारखी फेकली जाते. मूर्तीस्थापनेमागील श्रद्धेचा आदर राखूनच ही सूचना आहे. जागा बदलावी, एवढेच. पिण्याच्या पाण्याखेरीज पाच लिटरचा एक कॅन, विजेरी, धोक्याचा लाल त्रिकोण, जाड फडके आणि प्रथमोपचाराची पेटी डिकीत असावी. ताम्हिणीत काही वळणांवर मोबाइलला संपर्क मिळत नाही. आपत्कालीन मदतीसाठी ११२ व रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक सर्वांना ठाऊक असावेत.

उभ्या मोटारीत माणूस ठेवू नये. हरिहरेश्वरी प्रदक्षिणेचा मार्ग कातळावरून, पायऱ्या उतरून समुद्रालगत जातो. ज्यांना तो झेपणार नाही अशा आजी-आजोबांना, झोपलेल्या बाळाला ‘गाडीतच बसा, अर्ध्या तासात येतो’ असे सांगून मंडळी निघतात. बाहेर ३५ अंश तापमान असता बंद मोटारीच्या आत अर्ध्या तासात पन्नाशी ओलांडली जाते, आणि काच दोन बोटे खाली ठेवल्याने त्यात विशेष फरक पडत नाही. लहान मुलांचे शरीर मोठ्यांच्या कितीतरी पट वेगाने तापते. वृद्धांना तहान व उष्मा लवकर जाणवत नाही आणि ग्लानी आल्यावर दार उघडण्याचे भान राहत नाही. इंजिन व वातानुकूलन सुरू ठेवून त्यांना आत ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण इंजिन केव्हाही बंद पडू शकते. त्यांची बसण्याची सोय सावलीत, मोटारीबाहेर करावी व एक जाणते माणूस सोबत ठेवावे.

ओहोटीचा हिशोब घरीच

प्रदक्षिणा ओहोटीच्या वेळीच करता येते, हे सर्वश्रुत आहे. अनेक मोटारी घाटात भरधाव येण्याचे कारणही हेच असते. ओहोटी चुकेल म्हणून घाई. ही घाई घरी बसून टाळता येते. कोकणातील दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून पहाटे व दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी, म्हणजे सकाळी व रात्री नवाच्या पुढे, पूर्ण ओहोटी. एकादशीस हाच हिशोब केला तर भरती सव्वाआठास व ओहोटी दुपारी अडीचच्या आसपास येते. हा ठोकताळा आहे, त्यात पाऊण-एक तासाचा फरक पडतो. कातळावर उतरण्यापूर्वी स्थानिक जाणकारांना विचारणे अनिवार्य समजावे. पण प्रवासाचा दिवस व निघण्याची वेळ ठरविण्यास तो पुरेसा आहे. ओहोटी दुपारी असेल तर पहाटे तीनला निघून पेंगत घाट उतरण्याचे कारण उरत नाही. ओहोटी सकाळी असेल तर आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत मुक्कामी पोहोचावे.

बागमांडला-वेसवी किंवा दिघी-आगरदांडा फेरीबोटीने मोटार नेणाऱ्यांनी बोटीवर इंजिन बंद करून, गिअरमध्ये ठेवून हँडब्रेक ओढावा. मुंबईचा भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारी नेणारी जलसेवा २०२० च्या मार्चमध्ये सुरू झाली. अलिबाग परिसरातील देवस्थानांस येणाऱ्यांचा महामार्गावरील त्रास तिच्यामुळे पुष्कळ वाचतो.

परतीचा चढ आणि त्यानंतर

शक्य तर परतीस सकाळी लवकर, नाही तर ऊन उतरल्यावर निघावे, मात्र अंधारापूर्वी घाट ओलांडला जाईल असे पाहावे. चढास लागण्यापूर्वी विळ्याच्या आसपास दहा मिनिटे थांबून मोटारीस व माणसांस विसावा द्यावा. चढताना तापमानदर्शक काटा मध्याच्या वर सरकू लागला, तर वातानुकूलन बंद करून काचा खाली कराव्यात आणि हीटर पूर्ण सुरू करावा. उन्हाळ्यात हा उपाय विचित्र वाटतो, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर टाकतो. काटा नसलेल्या मोटारींत लाल दिवा लागतो. तो लागल्यावर पुढच्या वळणापर्यंत जाऊ, असा विचार न करता पहिल्या सुरक्षित जागी थांबावे. वाफ दिसत असेल तर इंजिन लगेच बंद करावे. नसेल तर थोडा वेळ न्यूट्रलमध्ये ठेवून पंख्यास काम करू द्यावे. मंडळींना मोटारीतून उतरवून कठड्याच्या आत, सावलीत बसवावे. किमान पाऊण तासाने, हात लावून रेडिएटर निवल्याची खात्री झाल्यावरच, जाड फडक्याने झाकण हळूहळू सोडावे. कॅनमधील पाणी अशा वेळी कामास येते. तापलेल्या इंजिनावर मात्र ते ओतू नये, धातूला तडा जातो. साध्या पाण्यावर घरी पोहोचल्यानंतर कूलंट पुन्हा योग्य प्रमाणात भरून घ्यावे आणि ते का कमी झाले, याचा शोध घ्यावा.

मोटार पुळणीवर उतरविण्याचा मोह अनेकांना होतो. ओली वाळू वरून घट्ट दिसते, चाक मात्र रुतते. आणि भरती कोणासाठी थांबत नाही. समुद्राचे पाणी ब्रेकच्या भागांत व चाकांच्या बेअरिंगमध्ये शिरले की दोष लगेच दिसत नाही, तो पावसाळ्यात वर येतो. पुळणीवर न गेलेल्या मोटारीवरही खाऱ्या वाऱ्याचा थर बसतोच. म्हणून घरी पोहोचल्यावर दोन दिवसांत मोटार गोड्या पाण्याने, विशेषतः खालच्या बाजूने व चाकांच्या कमानींच्या आतून, धुवावी, कोरडी झाल्यावर थोडी चालवून ब्रेक दोन-चार वेळा दाबावेत आणि कूलंटची डबी थंड इंजिनात पुन्हा एकदा पाहावी.